जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन: गाडी खोलण्याआधी आणि खोलल्यावर

पिकअपचं इंजिन गेलं की मालकापुढे तीन वाटा असतात. आहे तेच इंजिन बांधून, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून घ्यायचं, त्याच जातीचं कमी चाललेलं दुसरं आणून टाकायचं, किंवा ‘आता खोलतोच आहोत तर’ म्हणत एखाद्या नव्या गाडीचं जोरदार इंजिन बसवायचं. मोह तिसऱ्या वाटेचाच जास्त होतो. बॉनेट काढलेल्या, तोंड उघडं टाकून गॅरेजच्या कोपऱ्यात महिनोन्महिने धूळ खात उभ्या असलेल्या पिकअप बहुतेक याच वाटेवरून आलेल्या असतात.

हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. काम स्वतः करा किंवा मिस्त्रीकडून करून घ्या, कुठे थांबायचं आणि काय विचारायचं ते माहीत हवं. नजरेसमोर जुनी मॅक्स किंवा बोलेरो पिकअप आहे, साध्या डिझेल पंपाची. टोमॅटो-द्राक्षांच्या क्रेट्स वाहणाऱ्या गाड्यांत नाशिककडे अजूनही त्या दिसतात.

इंजिन खरंच गेलंय का?

धूर दिसला की ‘इंजिन गेलं’ म्हणणारे खूप भेटतात. आधी धुराचा रंग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, नोझल (डिझेल फवारणारी टोकं), पंपाचं सेटिंग. इंजिन उतरवायची गरज नाही, पंप कॅलिब्रेशनला द्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर येतोय आणि रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतंय, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ थरावर.

खात्री करायची घरगुती रीत अशी. इंजिन गरम करा, सावकाश चालू ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढून त्याच भोकावर उलटं नुसतं टेकवा. थोडी वाफ येणारच. पण झाकण थडथड उडत असेल, धुराचे भपकारे येत असतील, तर ते बॅक कॉम्प्रेशन. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंती, गेले. त्यानंतर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. एकाच सिलिंडरचं कमी असेल तर कदाचित व्हॉल्व्हवर भागेल. चारही खाली आले असतील आणि गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा दिवाही लुकलुकत असेल, तर इंजिन बदलायचा विचार रास्त.

कागद आधी, इंजिन नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांशी आरसीवरचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर निकाल देऊन हे पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

याचा अर्थ इंजिन बदलताच येत नाही असा नाही. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन टाकलं तर सीसी तेच, इंधन तेच, फक्त इंजिन नंबर बदलतो. ती नोंद आरसीत करून घ्यायची. मंजुरी न घेता इंजिन बदललं गेलं असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं बंधनही कलम ५२ मध्येच आहे. पण मी म्हणेन, आधीच अर्ज करा. नाशिकची, म्हणजे एमएच १५ ची गाडी असेल तर पेठ रोडवरचं आरटीओ, आणि मालेगावच्या एमएच ४१ साठी तिथलं कार्यालय. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी लागते.

दुसऱ्या मॉडेलचं, वेगळ्या सीसीचं इंजिन टाकायचं डोक्यात असेल, तर एक पैसाही देण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच येईल. ‘काही होत नाही ओ शेठ, कोण बॉनेट उघडून बघतंय’ असं सांगणारा मिस्त्री अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर उभा राहत नसतो. शिवाय पिकअप हे मालवाहू वाहन. आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, आहेच, आणि तिथे इंजिन नंबर बघतात.

कुठलं इंजिन बसतं?

महिंद्राचं जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन २५२३ सीसीचं. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. इंचात साडेतीन आणि चार, कारण या इंजिनाचं मूळ इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. त्याआधीच्या काही गाड्यांत प्यूजोचं २४९८ सीसीचं एक्सडीथ्रीपी इंजिन होतं. पुढे बोलेरोत आलेलं एमटूडीआयसीआर हे कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल फवारणारं) इंजिनही २५२३ सीसीचंच. इथे नवखे फसतात: सीसी सारखी म्हणजे सगळं सारखं, असं नसतं. ब्लॉकचं कूळ एक असलं तरी पंप, हेड, सेन्सर, वायरिंग हे सगळं वेगळं. आणि स्कॉर्पिओचं २१७९ सीसीचं एमहॉक तर पूर्णच वेगळ्या घराण्यातलं.

नवख्याला माझा सल्ला सरळ आहे. डीआयच्या जागी डीआयच टाका, पण उशिराच्या सालातलं, कमी चाललेलं, कंपनीने बांधलेलं किंवा समोर उभं राहून बांधून घेतलेलं. ‘नवं’ इतकंच पुरे. जुन्या गाडीत कॉमन रेल घालायचं, तर कागदाची परवानगी हातात असली तरी इंजिन जिच्यातून निघालं ती अख्खी गाडी शेजारी उभी असल्याशिवाय हात घालू नका. बीएस ६ ची इंजिनं, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, यासाठी विसराच. त्यांचा सायलेन्सरसुद्धा इंजिनाच्या कॉम्प्युटरशी बोलत असतो.

विकत घेताना

वापरलेलं इंजिन घ्यायचं तर पहिली गोष्ट नंबर. ब्लॉकवर पंच केलेला नंबर स्वतः पुसून, बोट फिरवून वाचा. घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाच्या थराखाली लपलेला नंबर दिसला की तिथून निघा, भाव कितीही पडता असो. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत, नंबर लिहिलेलं पक्कं बिल आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र, हे तीन कागद नसतील तर व्यवहार नको. आरटीओत हेच मागतात, आणि चोरीचं इंजिन निघालं तर पोलीसही हेच मागतात.

अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. एकाच जागी दहा इंजिनं बघून निवडायची सोय आता धरून चालता येत नाही. आता द्वारका, मुंबई नाक्याच्या गॅरेजवाल्यांत विचारत फिरावं लागतं. जमल्यास इंजिन गाडीत असतानाच चालू करून घ्या. जमिनीवर ठेवलेलं इंजिन असेल तर पाना लावून क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. एका जागी अडकतंय का बघा. ऑइल चेंबरचा नट सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. चकाकी दिसली तर बेअरिंग झिजलेत, दुधाळ रंग दिसला तर पाणी शिरलंय.

इंजिनासोबत काय काय मागून घ्यायचं: फ्लायव्हील, क्लचचा सेट, स्टार्टर, अल्टरनेटर आणि त्याला लागून असलेला व्हॅक्यूम पंप, माउंटिंगचे ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, टर्बोचं असेल तर इंटरकूलर आणि त्याचे पाइप. कॉमन रेल असेल तर इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि पूर्ण वायरिंग, एकही वायर न कापता. हे सुटं गोळा करायला गेलात तर खर्च इंजिनाच्या किमतीला टेकतो.

मापं

जुनं इंजिन गाडीत असतानाच मापं घ्या, कारण एकदा ते बाहेर आलं की मोकळी जागा फसवी दिसते. पंख्यापासून रेडिएटरपर्यंत किती, चेंबरच्या तळापासून खालच्या क्रॉस मेंबरपर्यंत किती, स्टीअरिंगच्या दांड्यापासून मॅनिफोल्ड किती लांब. मग गिअरबॉक्सच्या बाजूची: बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडणाऱ्या तोंडाच्या, बोल्टांची भोकं जुळतात का, क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकतात का, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग त्या शाफ्टला बरोबर बसतं का, स्टार्टरचे दाते फ्लायव्हीलच्या रिंगशी जमतात का.

यातलं काही जुळत नसेल तर सातपूर-अंबडच्या लेथवाल्यांकडे अडॅप्टर प्लेट करून मिळते, कामही चांगलं करतात. पण प्लेट करावी लागतेय म्हणजेच तुम्ही वेगळ्या जातीचं इंजिन घालताय. पुन्हा कागदाच्या भागाकडे जा. चेसिस कापून किंवा त्यावर वेल्डिंग मारून जागा करायची तर अजिबात नको.

उतरवणं

मोकळा काळ निवडा. द्राक्षं संपली आणि टोमॅटो अजून सुरू व्हायचाय, असे मे-जूनचे दिवस बरे. हंगामात काढलेलं काम घाईत होतं.

पहिल्यांदा बॅटरीची मायनस वायर काढा. मग प्रत्येक जोडणीचा फोटो आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीची चिठ्ठी. हे मिस्त्रीला हास्यास्पद वाटेल, वाटू द्या. पाणी आणि ऑइल डब्यात काढा, गटारात नको. डिझेलच्या नळ्यांना लगेच बूच मारा. बॉनेट, रेडिएटर, पंखा, मग सायलेन्सर, केबल, वायरी. गिअरबॉक्सखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा दिल्याशिवाय बेलहाउसिंगचा शेवटचा बोल्ट काढू नका.

उचलायला चेन कप्पी, आणि तीही खऱ्या पोलादी गर्डरवर. पत्र्याच्या शेडच्या पाइपला लटकवलेलं इंजिन म्हणजे कुणाच्या तरी पायावर बेतणार. साखळी इंजिनाच्या हुकांनाच अडकवा, मॅनिफोल्डला किंवा पंपाच्या ब्रॅकेटला नाही. इंजिन हवेत असताना खाली हात, पाय, पाना काहीही घालायचं नाही.

बसवणं

नवं इंजिन बाहेर आहे तोवरच स्वस्तातली कामं उरकून घ्या: मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, माउंटिंगची रबरं. यातलं एक जरी नंतर गेलं तरी बरंच काही पुन्हा खोलावं लागतं.

क्लच प्लेट बसवताना मधोमध डमी शाफ्ट (गिअरबॉक्सच्या शाफ्टसारखा दांडा) घालूनच प्रेशर प्लेट आवळा. प्लेट दोन मिलिमीटर जरी सरकलेली असली तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जायला नकार देतो. आणि इथे या कामातली सगळ्यात सामान्य चूक होते. इंजिन आणि बेलहाउसिंगमध्ये बोटभर फट राहते, आणि ‘बोल्टने ओढून घेऊ’ म्हणून लांब बोल्ट लावून आवळतात. कर्रकन आवाज येतो, फट मिटते, सगळे खूश. आत क्लच प्लेटचा हब वाकलेला असतो किंवा बेलहाउसिंगच्या कानाला चीर गेलेली असते. ही फट हातानेच मिटायला हवी. मिटत नसेल तर गाडी गिअरमध्ये टाका, एकाने क्रँकची पुली पान्याने किंचित फिरवावी, दुसऱ्याने इंजिन अलगद ढकलावं. दाते जुळले की इंजिन स्वतःहून आत सरकतं, बोटाला जाणवतं. नाही सरकलं तर मागे घ्या, प्लेट पुन्हा मध्यावर करा. बोल्ट नंतर.

वायरिंग आणि अर्थिंग

साध्या पंपाच्या इंजिनाला वायरी मोजक्याच: स्टार्टर, अल्टरनेटर, पंपाचा सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा), तापमान आणि ऑइल प्रेशरचे सेन्सर. एक विसरू नका: इंजिन ते चेसिस अर्थिंगची जाड पट्टी. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे ती पट्टी नसेल तर स्टार्टरचा सगळा करंट वाट शोधत अ‍ॅक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो. केबल तापून लाल होते आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला लागतो.

कॉमन रेलला क्रँक सेन्सर, कॅम सेन्सर, रेल प्रेशर, हवा, पेडल, ब्रेक आणि क्लचचे स्विच, सगळे जिवंत लागतात. एकही मुका राहिला तर इंजिन सुरू होत नाही किंवा अर्ध्या ताकदीवर चालतं. इंजेक्टर बदलले असतील तर त्यांच्यावरचा कोड स्कॅनरने इसीएममध्ये भरावा लागतो. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

ब्रेक

ताकदीच्या गप्पांत ब्रेकचं कोणी बोलत नाही, म्हणून हा भाग वेगळा. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो, बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या मागे बसवलेल्या. अल्टरनेटर बदलला, व्हॅक्यूमचा पाइप ढिला राहिला किंवा त्याची ऑइलची नळी चुकली, की पेडल दगडासारखं कडक होतं.

आपल्याकडे याला जास्तच महत्त्व. नाशिकचा भाजीपाला मुंबईकडे जातो, म्हणजे भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि रिकामी गाडी चढते. इंजिनाचा जोर चढायला लागतो, तर भरल्या गाडीला ब्रेक उतरताना लागतो. म्हणून गाडी गॅरेजबाहेर काढण्याआधी ही चाचणी: इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर गाडी हलवायची नाही.

पहिला स्टार्ट

ऑइल भरा, फिल्टर आधी तेलाने भरून लावा. डिझेल बंद ठेवून, म्हणजे सोलेनॉइडची वायर काढून, स्टार्टर थोडा थोडा फिरवा. एका वेळी दहा सेकंद, मग विश्रांती. ऑइल प्रेशरचा दिवा विझला की मगच डिझेल जोडा. बांधलेल्या इंजिनाच्या बेअरिंगना कोरडं फिरू दिलं तर सगळं काम पहिल्याच मिनिटात वाया.

मग एअर काढा. फिल्टरवरच्या हातपंपाने डिझेल मारत राहा, ब्लीड स्क्रू सैल करा, बुडबुडे संपून सलग धार आली की आवळा. साध्या पंपाला नोझलचे युनियन नट सैल करून स्टार्टर मारतात आणि उरलेली हवा काढतात. कॉमन रेलमध्ये हे कधीच करू नका. त्या पाइपांत हजार बारच्या वर दाब असतो, बारीक धार कातडीच्या आत शिरते, आणि अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसली तरी थेट रुग्णालयात जावं लागतं.

इंजिन सुरू झालं की रेस करू नका. पाणी, ऑइल, डिझेल कुठे गळतंय का ते टॉर्च लावून बघा. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, पाण्याची पातळी अचानक खाली जाईल, तेव्हा भरा आणि मग झाकण लावा. गरम झाल्यावर ते झाकण उघडायला जाऊ नका.

रस्त्यावर

पहिली फेरी रिकामी, शहराजवळच, दिंडोरी रोडला जाऊन यायचं एवढीच. परत आल्यावर माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासा. मग चढ. रिकामी गाडी कसाऱ्याला उतरवून वर आणा, किंवा मालेगावच्या बाजूला राहुड घाट करा. चढताना नजर तापमानाच्या काट्यावर. काटा वर सरकत जातो आणि सपाटीला आल्यावर खाली येतो, असं असेल तर रेडिएटर अपुरा आहे किंवा अर्धा तुंबलाय. साफ करा, नाहीतर इंजिनाला साजेसा बसवा.

बांधलेलं इंजिन असेल तर पहिले हजार किलोमीटर अर्ध्या भाराने चालवा, एकाच वेगावर तासन्‌तास नाही, आणि पहिलं ऑइल पाचशे ते हजार किलोमीटरच्या मध्ये बदला. त्या तेलात थोडी चकाकी दिसेल, ती चालते. दुसऱ्या वेळी दिसायला नको. जुन्या डीआयला हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे का, ते बांधणाऱ्याला विचारून बिलावर लिहून घ्या.

राहिलेले कागद

पीयूसी नव्याने काढा. धूर मापात बसत नसेल तर ते पंपाचं काम राहिलंय, सेंटरवाल्याशी वाद घालू नका. आरटीओत गाडी दाखवायला नेताना इंजिन नंबरवरची माती, ग्रीस साफ करून न्या. निरीक्षकाला तो वाचता आला नाही तर परत पाठवतात. जुन्या आणि नव्या इंजिनाची बिलं, बसवणाऱ्या गॅरेजचं पत्र, आरसी, विमा, पीयूसी सोबत. नवा नंबर आरसीत चढला की त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीतही बदल करून घ्या. हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात.

आणि नवा नंबर आरसीवर दिसेपर्यंत जुनं इंजिन भंगारात घालू नका. आरटीओने शंका काढली तर जुना ब्लॉक दाखवता येतो. विकताना त्याचा नंबर घासायचा नाही, उलट घेणाऱ्याकडून तो नंबर लिहिलेली पावती घ्यायची आणि बाकीच्या कागदांच्या फाइलमध्येच ठेवायची.